कामगार इतिहासाचं विकीपान मिळून कसं लिहायचं

कामगार इतिहासावर लिहायला जे स्वयंसेवक येतात ते बहुतेक मनापासून आलेले असतात. कुणाच्या घरात संपात उतरलेलं माणूस होतं, कुणी स्वतः युनियनचं काम केलंय, कुणी हा विषय शिकवतं, आणि म्हणूनच इथले वाद लवकर पेटतात. पण विकिपीडियासारख्या, सगळ्यांनी मिळून लिहायच्या विश्वकोशातलं पान कुणा एकाचं नसतं, आज तुम्ही लिहिलेलं वाक्य उद्या तुम्हाला न ओळखणारं कुणीतरी बदलणार आहे. त्या माणसाला तुमचं वाक्य तपासता आलं पाहिजे, नुसतं पटलं किंवा नाही पटलं एवढ्यावर राहता कामा नये. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी चर्चा पान, मग लेख

खातं उघडलं की लगेच नवीन लेख सुरू करू नका. आधीचा एखादा लेख घ्या, त्याचा इतिहास टॅब उघडा आणि कोणी काय बदललं, काय उडवलं, कुठल्या वाक्यावर ओढाताण झाली ते वाचा. मग चर्चा पान वाचा, म्हणजे लेखाला जोडलेलं, संपादक आपसात बोलतात ते पान. जो वाद तुम्ही नव्याने घालणार होतात तो तीन वर्षांपूर्वीच तिथे होऊन गेलेला असतो असं खूपदा दिसतं.

मोठा बदल करायचा असेल तर चर्चा पानावर आधी दोन ओळी टाका, म्हणजे "संपाची पार्श्वभूमी हा भाग वाढवतोय, आठवडाभर लागेल, त्या काळातली वर्तमानपत्रं कुणाकडे असतील तर सांगा" एवढं पुरे, खाली चार टिल्डे (~~~~) टाकून सही. लेखावर काम चालू असल्याचा साचा, म्हणजे पानावर दिसणारी तयार सूचना, लावलात तर काम झाल्यावर तो आठवणीने काढा, महिनोन्‌महिने तसाच राहिला की बाकीचे त्या पानाला हातच लावत नाहीत. कच्चं लिखाण धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करा आणि तिची लिंक इतरांना द्या. आणि प्रत्येक बदलाबरोबर संपादन सारांश लिहा, "सुधारणा" असा नको, "मृतांचा आकडा बदलला, कारण चर्चा पानावर" असा, नाहीतर पुढच्याला तुमचा बदल आणि कुणीतरी केलेली नासधूस यातला फरकच कळत नाही.

काम वाटताना विभाग वाटू नका, साधनं वाटा

साधारणपणे काय होतं, एकजण प्रस्तावना घेतो, दुसरी घटनाक्रम घेते, तिसरा परिणाम. याने लेख लवकर भरतो पण तीन तोंडांनी बोलतो. मला यापेक्षा साधनं वाटून घेणं कितीतरी बरं वाटतं. म्हणजे एकाने सरकारी अहवाल वाचायचे, एकीने त्या काळातली वर्तमानपत्रं, एकाने इतिहासकारांची अलीकडची पुस्तकं, एकाने युनियनची पत्रकं आणि ठराव, आणि प्रत्येकाने आपापल्या नोंदी एकाच सामायिक पानावर पृष्ठक्रमांकासकट टाकायच्या.

याचं कारण या विषयातच आहे. मालकांच्या संघटनांनी वार्षिक अहवाल छापले, पोलिसांनी रिपोर्ट लिहिले, न्यायालयांनी निकाल जपून ठेवले, पण ज्या बाईने बारा-चौदा तास मशीनवर काम केलं तिचं लिहिलेलं जवळजवळ काहीच उरत नाही. जे सहज सापडतं तेवढंच वापरलं की लेख आपोआप मालकाच्या आणि पोलिसाच्या नजरेचा होतो, लिहिणाऱ्याची इच्छा काहीही असो.

म्हणून कामगाराचा आवाज कुठे नोंदला गेलाय ते मुद्दाम शोधावं लागतं. चौकशी समित्यांच्या साक्षी ही त्यासाठी फार मोठी जागा आहे. ब्रिटनमध्ये १८३२ साली सॅडलर समितीपुढे गिरण्यांत लहानपणापासून राबलेल्यांच्या साक्षी झाल्या आणि त्या छापल्या गेल्या. भारतात १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने, म्हणजे रॉयल कमिशन ऑन लेबरने, १९३१ ला अहवाल दिला आणि साक्षीपुराव्याचे वेगळे खंड निघाले. अहवाल सगळे वाचतात, साक्षींचे खंड फारसं कुणी उघडत नाही, आणि कामाचे तास, दंड, मुकादमाला द्यावी लागणारी लाच हे सगळं त्या खंडांत पडलेलं असतं. एक काळजी मात्र घ्या, साक्ष म्हणजे त्या माणसाचं म्हणणं, लेखात ती त्याच्या नावावरच जाते.

संग्रहांचं म्हणाल तर ॲमस्टरडॅमची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल हिस्टरी १९३५ पासून कामगार चळवळींचे कागद गोळा करतेय, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाचं कील सेंटर आहे, इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठाचं मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटर, आणि भारतातल्या कामगारांबद्दल व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेचं आर्काइव्ह्ज ऑफ इंडियन लेबर. बराच माल ऑनलाइन आहे. जिथे प्रत्यक्ष जावं लागतं तिथे जवळ राहणाऱ्या संपादकाला विचारा, असले लोक एका चांगल्या विनंतीवर कामाला लागतात हा माझा कायमचा अनुभव आहे.

वाक्य कसं बसवायचं

एक उदाहरण जवळून बघू. शिकागोतल्या हेमार्केट इथे कामगारांच्या सभेत जे घडलं त्यावरच्या लेखात नवीन संपादकाने असं वाक्य टाकलं समजा: "४ मे १८८६ ला शिकागोत पोलिसांनी निरपराध कामगारांवर भ्याड हल्ला केला आणि आठ हुतात्म्यांना फासावर चढवलं." भावना समजते, पण वाक्यात बॉम्बचा उल्लेखच नाही आणि फाशीचा आकडा चुकलाय. आता हेच असं बसवा: सभा संपत आलेली असताना पोलीस ती पांगवायला आले, कुणीतरी बॉम्ब फेकला, पोलिसांनी गोळीबार केला, पोलीस आणि नागरिक दोन्ही मेले. बॉम्ब कुणी फेकला ते कधीच सिद्ध झालं नाही. आठ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिली, एकाने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला, आणि उरलेल्या तिघांना १८९३ साली गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्डने खटला अन्यायाचा होता असं म्हणत माफी दिली.

यात एकही विशेषण नाही. तरी वाचणाऱ्याला काय झालं ते कळतं, आणि पहिल्या वाक्यापेक्षा जास्त टोचतं. तटस्थ लिहायचं म्हणजे कामगाराची बाजू सोडायची असा समज खूप नवीन लोकांचा असतो, तो या दोन वाक्यांची तुलना दाखवून घालवता येतो, नियमांच्या पानाची लिंक तोंडावर फेकून नाही.

आकड्यांचं वेगळं सांगायला हवं. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियात सिएनागा इथे युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकऱ्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. किती मेले? तिथल्या जनरलने ४७ कबूल केले, बाकी अंदाज हजाराच्याही वर जातात. अशा वेळी सरासरी काढायची नाही, सगळ्यात मोठा आकडा उचलायचा नाही आणि सगळ्यात छोटाही नाही. कुणी किती म्हटलं ते नावानिशी लिहायचं आणि माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या बाजूला थोडक्यात माहिती देणाऱ्या तक्त्यात, एकच आकडा ठोकण्याऐवजी "मतभेद आहेत, मजकूर पहा" असं टाकायचं. कादंबरीतला आकडा कितीही गाजलेला असला तरी तो संदर्भ नाही.

माहितीचौकटीने असाच त्रास मुंबईच्या गिरणी संपाच्या लेखात होतो. सुरुवात १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंतांचं नेतृत्व, सुमारे अडीच लाख कामगार, इथवर ठीक, पण समाप्तीच्या रकान्यात काय लिहिणार, संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. कुणी १९८३ टाकतं, कुणी ते बदलतं, परत कुणी टाकतं. रकाना रिकामा ठेवा आणि का ठेवलाय ते चर्चा पानावर लिहून ठेवा, रिकामा रकाना भरायला येणारा प्रत्येकजण आधी तिथे पोचला पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या स्थापनेचंही तसंच, काही पुस्तकं १८८४ म्हणतात, काही १८९०. दोन्ही द्या, कुणाचं मत कुठलं ते सांगा.

जुनी माहिती नव्या संशोधनाने बदलते हेही लक्षात असू द्या. लंडनमध्ये १८८८ साली ब्रायंट अँड मे कंपनीच्या काडेपेटी कामगार बायकांनी संप केला, तो ॲनी बेझंट यांनी घडवला असं वर्षानुवर्षं छापलं गेलं, अलीकडच्या संशोधनाने दाखवलं की पुढाकार त्या बायकांचाच होता, बेझंट यांनी लेख लिहून प्रसिद्धी आणि मदत मिळवून दिली. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्याला २५ मार्च १९११ ला आग लागून १४६ जण गेले, त्यातल्या शेवटच्या सहा जणांची ओळख २०११ साली पटली. म्हणजे शंभर वर्षं त्यांची नावं यादीत नव्हती. जुन्या ग्रंथाचा संदर्भ पक्का आहे म्हणून नवा बदल उलटवायच्या, म्हणजे काढून आधीचा मजकूर परत आणायच्या, आधी एवढं आठवा, तो नवा संपादक काय वाचून आलाय ते विचारा.

आठवणी, ओळखी आणि हितसंबंध

सगळ्यात अवघड प्रसंग हा. कुणीतरी येतं आणि म्हणतं, माझे वडील त्या मोर्चात होते, त्यांनी मला असंच सांगितलंय. ते खरंही असेल, पण विश्वकोशात ते थेट घेता येत नाही, कारण दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही. या माणसाला वाक्याला नुसता "संदर्भ हवा" हा साचा लावून परत पाठवू नका, तो पुन्हा येणार नाही. त्याला मार्ग दाखवा: मौखिक इतिहास गोळा करणाऱ्या एखाद्या विद्यापीठाकडे किंवा संग्रहालयाकडे ती मुलाखत नोंदवता येते, तिथे ती नीट छापून आली की लेखात वापरता येते. घरात जुनी पत्रकं, ओळखपत्रं, फोटो असतील तर ते स्कॅन करून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या मुक्त साठ्यावर, चढवता येतील का बघा. पण फोटो ज्याच्या हातात आहे तो त्याचा हक्कदार असेलच असं नाही, हक्क साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो आणि प्रताधिकार किती वर्षांचा ते देशादेशात वेगळं, आधी तपासा.

युनियनचे सध्याचे पदाधिकारी किंवा कंपनीचे पगारी लोक लेखात आले तर त्यांना हाकलू नका, त्यांच्याकडे कागद असतात. फक्त त्यांनी आपलं नातं उघड सांगावं आणि बदल थेट न करता चर्चा पानावर सुचवावा. दोघांनाही हा नियम सारखाच लावा, आपल्या आवडत्या युनियनला सूट द्यायची नाही, नाहीतर पुढच्या वादात तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

भांडण झालंच तर

तुमचा बदल कुणी उलटवला तर परत उलटवू नका, चर्चा पानावर जा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की ब्लॉक होऊ शकतो, पण तीनची वाट बघायची गरजच काय, पहिल्यांदा उलटलं तेव्हाच बोलायला लागा. बोलताना संपादकाबद्दल नाही, वाक्याबद्दल बोला. "तुम्ही मालकांचे एजंट दिसता" यावर पुढे काहीच होत नाही, "या परिच्छेदातले चारही संदर्भ एकाच वर्तमानपत्राचे आहेत, ते संपाच्या विरोधात होतं, युनियनची बाजू कुठल्या साधनातून घेता येईल" यावर काम पुढे सरकतं. दोघांचं जमत नसेल तर ज्याने त्या लेखात कधी हात घातला नाही अशा तिसऱ्याला बोलवा, आणि त्याने जे म्हटलं ते मान्य करायची तयारी ठेवून बोलवा. प्रचालकाकडे, म्हणजे ब्लॉक करायचे अधिकार असलेल्या संपादकाकडे, धावणं शेवटी.

नवीन आलेल्याच्या पहिल्या चांगल्या बदलाला आभाराचं बटण दाबा, जमलं तर त्याच्या चर्चा पानावर नेमकं काय आवडलं ते लिहा.

लेख झाल्यावर

लेख निरीक्षणसूचीत, म्हणजे ज्यांतले बदल तुम्हाला दिसत राहतात त्या पानांच्या यादीत, टाका, दोघातिघांनी मिळून टाका म्हणजे कुणी सुट्टीवर गेलं तरी पानावर नजर राहते. १ मेच्या आसपास कामगार दिनाच्या लेखांवर एकदम गर्दी होते, चांगले बदल आणि नासधूस दोन्ही, त्या आठवड्यात पाळी लावून घ्या. ऑनलाइन संदर्भांच्या लिंका वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करा आणि जतन केलेली लिंकही संदर्भात द्या, युनियन एकमेकांत विलीन होतात, कंपन्या बंद पडतात आणि त्यांच्या वेबसाइट त्यांच्याबरोबर जातात. छापील पुस्तकाचा संदर्भ असेल तर आवृत्ती आणि पान क्रमांक दोन्ही लिहा, नुसतं पुस्तकाचं नाव दिलं तर पुढच्या माणसाला ती ओळ शोधायला पूर्ण पुस्तक चाळावं लागतं.