सोसायटीत नारंगी शर्ट दिवस पाळायचा तर

३० सप्टेंबर हा कॅनडात सत्य आणि सलोख्याचा राष्ट्रीय दिवस, म्हणजेच नारंगी शर्ट दिवस. तिथल्या ज्या आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं, त्यांच्या स्मरणाचा. मुंबईत तो सोसायटीच्या हॉलमध्ये पाळता येतो. चाळीसेक माणसं आणि पाऊण तास पुरे. सप्टेंबरअखेर पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा गच्चीच्या नादी लागू नका.

पहिली अडचण रंगाची. 'नारंगी शर्ट घालून या' एवढंच ग्रुपवर टाकलंत तर कुणाला मोर्चा वाटेल, आणि नवरात्र चालू असलं तर आजचा रंग. म्हणून निरोपातच कारण लिहा: १९७३ साली ब्रिटिश कोलंबियातल्या निवासी शाळेत सहा वर्षांच्या फिलिस वेब्स्टॅडचा नवा नारंगी शर्ट काढून घेतला. आजीने घेऊन दिलेला. तो तिला परत मिळाला नाही. त्यावरून २०१३पासून नारंगी शर्ट दिवस पाळतात. राष्ट्रीय दिवस म्हणून सरकारी सुट्टी २०२१पासून.

ज्यांच्याकडे शर्ट नाही त्यांना रिबन द्या. इंचभर रुंदीची सॅटिनची, प्रत्येकी १५ सेंमी. ४० जणांना हिशेबाने ६ मीटर लागते, पण ८ घ्या, कापताना वाया जाते. तिरकी कापा आणि कड मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूने झटकन फिरवा, नाहीतर दोरे सुटतात. ज्योतीच्या टोकावर धरलीत तर काजळी बसते.

फलक एकच, पण आकडे तपासून. दीड लाखाहून जास्त मुलं. १९२०च्या कायदादुरुस्तीने शाळेत जाण्याची सक्ती. स्वतःची भाषा बोलली की शिक्षा. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या २०१५च्या ९४ शिफारशी. सगळ्यात जास्त घोळ कॅमलूप्स गावच्या निवासी शाळेबद्दल होतो: २०२१मध्ये तिथे जमिनीखालच्या रडार-तपासणीत संभाव्य कबरी आढळल्या, 'मृतदेह सापडले' असं लिहू नका. शाळांत मेलेल्या मुलांची ४,१००हून अधिक नावं वेगळी नोंदलेली आहेत, ती कागदपत्रांवरून.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत सरळ गाळा. अर्धा वेळ त्यातच जातो. पिसांचे मुकुट आणि तोंडाला रंग तर नकोच. दहा वर्षांखालच्या मुलांना फक्त शर्टाची गोष्ट सांगा, मृत्यू आणि अत्याचार मोठ्यांच्या सत्रात. शेवटी एक मिनिट शांतता, त्याआधी फोन बंद करायला सांगा.

कुणीतरी 'आपल्या आश्रमशाळाही तशाच' म्हणणारच. घाईने हो म्हणू नका. तिकडे भाषा आणि संस्कृती पुसणं हाच उघड हेतू होता. घरी वारली भाषा आणि वर्गात मराठी ऐकणाऱ्या मुलाचा प्रश्न मात्र खरा आहे, त्यावर बोलायला आरेतल्या पाड्यावरच्या कुणाला तरी बोलवा. महिनाभर आधी भेटा, काय बोलायचं ते त्यांनाच ठरवू द्या, तारपा नाच 'आयटम' म्हणून मागू नका. मानधन आणि रिक्षाभाडं त्याच दिवशी हातात द्या. 'कमिटीच्या मीटिंगमध्ये मंजूर करून घेतो' हे उत्तर चालणार नाही.