लेकराच्या फुप्फुसात जंताची पाण्याची गाठ निघालीय आणि ऑपरेशन सांगितलंय? मग आधी हे वाचा

माझा भाचा सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. दीड महिना खोकला, मधूनच ताप, एक्सरेत मोसंबीएवढा गोल पांढरा डाग, आधी टीबीच्या गोळ्या चालू झाल्या आणि मग एक डॉक्टर म्हणाले सुई घालून थोडं पाणी काढून बघू. ताई तयारही झाली होती, नशीब सीटी स्कॅन आधी झाला. म्हणून पहिलं हेच सांगतो, फुप्फुसात हायडॅटिडचा (म्हणजे याच जंताच्या पाण्याच्या गाठीचा) संशय असेल तर गाठीत सुई घालू देऊ नका. लिव्हरच्या गाठीत काही वेळा सुईने पाणी काढतात, त्यावरून घोळ होतो, पण फुप्फुसात नाही. ते पाणी आत सांडलं तर ॲलर्जीने बीपी एकदम पडू शकतं आणि त्यातल्या बारीक कणांपासून नव्या गाठी होतात.

ही गाठ कुत्र्याच्या आतड्यातल्या जंताची. अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माती, पाणी, भाजी, कुत्र्याचे केस, तिथून पोरांच्या हाताला आणि हातातून तोंडात. मटण खाऊन होत नाही, एका पोराची दुसऱ्याला लागत नाही. (आमच्या आजीने तरी त्याचं ताट वेगळं केलंच.) पोरांचं फुप्फुस मऊ असतं म्हणून तिथे गाठ झपाट्याने फुगते.

आता तयारी. छातीचा सीटी आणि पोटाची सोनोग्राफी दोन्ही करा, लिव्हरमध्येही गाठ असू शकते. रक्ताची अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून खूश होऊ नका, फुप्फुसातली गाठ अखंड असेल तर ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. अल्बेंडाझोल (जंताचं औषध) मेडिकलवाल्याला विचारून तर अजिबात चालू करू नका, कारण त्याने गाठीचा पडदा कमजोर होऊन ती फुटू शकते, म्हणून बरेच सर्जन फुप्फुसाच्या मोठ्या गाठीत ते ऑपरेशननंतरच देतात.

हॉस्पिटल बघताना लहान मुलांचा सर्जन आहे का एवढंच नका विचारू, लहान मुलांच्या छातीच्या ऑपरेशनची सवय असलेला भूलतज्ज्ञ आणि मुलांचा आयसीयू आहे का तेही विचारा. गाठ चुकून फुटली तर पाणी चांगल्या फुप्फुसात जाऊ नये म्हणून एक बाजू बंद ठेवायची असते आणि इवल्याशा श्वासनळीत ते सोपं काम नाही. खर्चाचं टेन्शन असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या (सरकारी योजनेची माहिती देणारा माणूस) काउंटरवर रेशनकार्ड, आधार घेऊन जा, महात्मा फुले योजनेत बसतं का विचारा.

तारीख मिळेपर्यंत दंगामस्ती, झाडावर चढणं बंद. अचानक खोकल्यातून भरपूर खारट पाणी, द्राक्षाच्या सालीसारखे तुकडे, अंगावर पित्त किंवा धाप असं काही दिसलं तर तडक कॅज्युअल्टी, सकाळची वाट बघायची नाही.

ऑपरेशनमध्ये बरगड्यांमधून छाती उघडतात, गाठीभोवती जंत मारणाऱ्या औषधात भिजवलेल्या कापडाच्या घड्या लावतात, मग गाठ अख्खी सोडवतात किंवा आधी पाणी ओढून पडदा काढतात. सर्जनने आम्हाला ट्रेमध्ये तो पडदा दाखवला, हुबेहूब शहाळ्याची मलई! नंतर पोकळीत उघडी पडलेली श्वासनलिकांची बारीक तोंडं टाके घालून बंद करतात. फुप्फुसाचा तुकडा कापायची वेळ सहसा येत नाही, पोरांचं दबलेलं फुप्फुस छान फुगून येतं, तरी हा प्रश्न आधी विचाराच. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर बऱ्याचदा दोन वेळा ऑपरेशन करतात.

नंतर छातीत नळी असते, ती पाण्याच्या बाटलीला जोडलेली. बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची, पाहुण्यांचा पाय लागू द्यायचा नाही. बुडबुडे म्हणजे हवा अजून गळतेय, काही दिवसांत थांबतात. दुखतं म्हणून पोर खोल श्वास घेत नाही आणि तिथेच कफ साठतो, त्यामुळे दुखायचं औषध मागून घ्या आणि फुंकायला लावा. आमचा पठ्ठ्या श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं मशीन बघून रडायचा, साबणाचे फुगे दिले तर अख्खा वॉर्ड भरवून टाकला.

घरी आल्यावर अल्बेंडाझोल काही महिने चालतं, डोस वजनावर ठरतो, आणि ते तूप किंवा दुधासोबत द्या, उपाशीपोटी नीट शोषलंच जात नाही. मधे मधे लिव्हरची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवू नका. एक्सरे, सोनोग्राफी काही वर्षं करत राहायची, गाठ परत येऊ शकते.

आणि घरातल्या बाकी पोरांचीही एकदा तपासणी विचारा, खाल्लेली माती तर एकच ना. ताईने कुत्री सोडली नाहीत, पण बकरं कापलं की कच्ची कलेजी, फोपसं त्यांच्यापुढे टाकणं बंद केलं (कुत्र्यांना हा जंत तिथूनच लागतो), ते आता खड्ड्यात पुरतात आणि कुत्र्यांच्या जंताच्या गोळीची तारीख तिने कालनिर्णयवर गॅस सिलेंडरच्या तारखेशेजारी लिहून ठेवलीय.