नाटकात या, पण व्हाउचरबुक घेऊन या

सांगलीत एखाद्या नाटकवाल्या संस्थेत शिरणं अजिबात अवघड नाही. चार दिवस तालमीला जाऊन बसलात की कुणीतरी म्हणतं, "मोकळी आहेस ना? जरा त्या लेव्हल्स सरकव." लेव्हल्स म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे. झालात तुम्ही संस्थेच्या. आमच्यासारख्या गावकीच्या संचात नट, नेपथ्यवाला, चहा सांगणारा आणि वेशभूषेच्या ट्रंकेला कुलूप लावणारा हे फिरून फिरून तेच आठ-दहा जण असतात. त्यामुळं पहिलं वर्ष विंगेत जाणार, हे धरूनच या. त्यात कमीपणा काही नाही.

उलट माझं मत विचाराल तर दिग्दर्शकाच्या मागं फिरण्यापेक्षा डिमरवर, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसणाऱ्या काकांशेजारी बसा. कुठं उभं राहिलं की तोंडावर उजेड पडतो आणि कुठं नुसतं नाक दिसतं, हे ते एका वाक्यात सांगतात. मालिकेतला चेहरा आणून भरवलेल्या दोन दिवसांच्या शिबिरात फोटो मिळतो आणि प्रमाणपत्र मिळतं. जा हवं तर, घरचे खूश होतात.

लेखकाचं संमतिपत्र, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र, रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. फक्त संहिता ठरली की त्याच आठवड्यात त्या प्रमाणपत्राच्या अर्जाला लागा. तारखांचं मात्र इथलं गणित वेगळं आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी रंगात येतात तेव्हाच ऑक्टोबर छाटणी असते, आणि तासगावकडची आमची पोरं द्राक्षबागेत अडकतात. त्यांना मोठी भूमिका देऊ नका म्हणणारे शहाणे भेटतील. ऐकू नका. तालीम रात्री लावा आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारा.

आता खरं दुखणं. "ताई, तुम्ही भरा, नंतर बघू."

या 'नंतर बघू'त माझे पैसे अजून अडकलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. नाट्यगृह ठरवताना भाडं आणि अनामत भरायची असते. संस्थेच्या चेकवर दोन सह्या लागतात, आणि सही करणाऱ्यांपैकी एक जण नेमके पुण्याला मुलाकडं गेलेले असतात. तारीख हातची जाईल म्हणून व्यवस्था बघणारा आपल्या खात्यातून भरतो. पावती फाटते संस्थेच्या नावानं. प्रयोग होतो, अनामत परत येते, ती पावतीवरच्या नावानंच, म्हणजे संस्थेच्या खात्यात. तिथं ती जमा दिसते. मूळ पैसा कुणाचा, हे कुठल्याच कागदावर नसतं. पुढं खजिनदार बदलतात. नवा माणूस सज्जन असतो, म्हणतो, "ताई, मला ऑडिटला दाखवायला काहीतरी द्या." तुम्ही फोनवरून पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट देता. ऑडिटर म्हणतो, पैसे गेलेले दिसतात, पण संस्थेनं ते उसने घेतल्याचं कुठाय? त्यात ३१ मार्च उलटून गेला असेल तर मागच्या वर्षाचा हिशोब बंद. मग तुम्ही भांडू शकत नाही, कारण समोर सगळे मित्रच असतात.

म्हणून भरण्याआधी सचिवांकडून दोन ओळी लिहून घ्या, की अमुक रक्कम संस्थेसाठी उसनी घेतली. मेसेजवर असलं तरी चालेल, पण खजिनदाराला तीच तारीख टाकून रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, नोंद करायला लावा. त्याहून बरं म्हणजे प्रयोगाआधी उचल घ्या आणि प्रयोगानंतर हिशोब द्या. जतला सेट नेणारा टेम्पोवाला बिल देत नाही, तर व्हाउचरवर कुठून कुठं, गाडीचा नंबर, रक्कम अंकी-अक्षरी आणि त्याची सही घ्या. पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. सही सामान उतरायच्या आत घ्या, नंतर तो सापडत नाही. फाइल वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको.

पैशाचं बोललं की कलेचा अपमान होतो असं मानणारे एक-दोन बुजुर्ग प्रत्येक संस्थेत असतात. ते ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, भाव्यांच्या फोटोला हार घालतात. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं ते पटवर्धन राजांच्या आश्रयानं. १८५१ ला राजे वारले, दरबारचा हात निघाला, आणि भाव्यांना संच घेऊन गावोगाव पोट भरत फिरावं लागलं. १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तेव्हा हिशोब मागायला लाजू नका.

आणि घाबरूही नका. मी मागितले तेव्हा काही दिवस तालमीत माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं चाललं. पुढचं नाटक बसायला लागल्यावर पहिला फोन मलाच आला. गेलेही. या वेळी उचल घेऊन.

वेशभूषा भाड्यानं आणणार असाल तर वस्तूंची यादी दुकानातच मोजून घ्या आणि अनामतीची पावती, पैसे तुमचे असतील तर, तुमच्याच नावावर करून घ्या. बाजूबंद एक तरी हरवतोच, आणि तो शिपायाचा कधीच नसतो, राजाचाच असतो.