संकटकाळच्या रेडिओ संदेशाची तयारी : नांगर उचलण्यापूर्वी काय पाहून ठेवावे

समुद्रात संकट ओढवते तेव्हा नौकेचा प्रमुख बहुधा पंपाशी, सुकाणूशी किंवा पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेण्यात गुंतलेला असतो आणि रेडिओ हाती घेण्याची वेळ अशा कुणावर तरी येते, ज्याने तो यापूर्वी कधीच वापरलेला नसतो. म्हणून तयारीच्या यादीत मी यंत्राच्याही आधी, यंत्राशेजारी टांगायच्या एका कार्डाला स्थान देतो. त्यावर संदेशाचा मजकूर मोठ्या अक्षरांत, पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहिलेला असावा. प्रथम ‘मेडे’ हा जिवाला किंवा नौकेला तत्काळ गंभीर धोका असल्याचे सांगणारा शब्द तीनदा, मग नौकेचे नाव तीनदा, त्यामागोमाग तिचे संकेतनाम, म्हणजे रेडिओवरची तिची अक्षर-अंकी ओळख, आणि नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे डिजिटल इशाऱ्यात तिची ओळख पटवणारा क्रमांक. त्यानंतर पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि नाव, मग स्थान, संकटाचे स्वरूप, हवी असलेली मदत, नौकेवरील माणसांची संख्या आणि बचाव पथकाला उपयोगी पडेल अशी इतर माहिती. नाव, संकेतनाम व क्रमांक आधीच भरून ठेवावेत आणि बदलणाऱ्या गोष्टींसाठी कोऱ्या जागा सोडाव्यात. शेवटी ‘ओव्हर’ म्हणून बोलण्याचे बटण सोडावे, कारण बटण दाबलेले राहिले तर उत्तर ऐकूच येत नाही. चित्रपटांतले ‘ओव्हर अँड आउट’ मात्र विसरावे. पहिल्या शब्दाने उत्तर मागायचे आणि दुसऱ्याने संभाषण संपवायचे, असा तो परस्परविरोधी प्रकार आहे.

स्थानाची कोरी जागा सर्वांत महत्त्वाची, कारण संदेश मध्येच तुटला तरी स्थान पोहोचले असेल तर शोध सुरू होऊ शकतो. अक्षांश व रेखांश यंत्राच्या पडद्यावर कोठे दिसतात, हे नौकेवरील प्रत्येकाला दाखवून ठेवावे आणि आकडे एकेक करून वाचण्याची सवय लावावी. दीपगृहासारख्या ओळखीच्या खुणेवरून स्थान सांगायचे असल्यास त्या खुणेपासून आपण कोणत्या दिशेला व किती सागरी मैलांवर आहोत ते सांगायचे असते. आपल्याकडून खूण कोणत्या दिशेला दिसते ते नव्हे. घाईत नेमकी हीच उलटापालट होते आणि शोधणारे भलत्या बाजूला जातात.

आता यंत्राकडे वळू. व्हीएचएफ रेडिओत, म्हणजे नौकांवरच्या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओत, एमएमएसआय क्रमांक भरलेला आहे का आणि जीपीएसची जोडणी चालू आहे का, हे पडद्यावर स्वतः पाहावे. जोडणी नसेल तर संकटाचे लाल बटण दाबल्यावर चॅनेल ७० वरून जाणाऱ्या डिजिटल इशाऱ्यात स्थान नसते किंवा जुने जाते. अशा वेळी ते हाताने भरून ठरावीक वेळाने बदलत राहावे लागते. बटणावरचे झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरावे लागते, हेही कार्डावर लिहावे, आणि इशारा गेल्यानंतर चॅनेल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, तोंडी संदेश द्यायचा आहे, हेसुद्धा. या रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. डोलकाठी मोडली की अँटेनाही जाते, म्हणून एक सुटी अँटेना आणि चार्ज केलेला जलरोधक हातरेडिओ बरोबर हवा. बॅटरी तळाशी असेल तर ऐन बुडण्याच्या वेळी पाणी आधी तिच्यापर्यंतच पोहोचते. ती उंचावर बसवावी.

उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणाऱ्या ईपर्ब या यंत्राची नोंदणी चालू आहे का, तिच्यात संपर्काचे दूरध्वनी क्रमांक आजचे आहेत का, बॅटरीची मुदत आणि पाण्याच्या दाबाने यंत्र मोकळे करणाऱ्या कडीची मुदत केव्हा संपते, या गोष्टी वहीत तारखेसह लिहाव्यात. यंत्र छताखाली बसवू नये. सुटले तरी छताला अडकून राहील. ४०६ मेगाहर्ट्झवरचा त्याचा इशारा उपग्रहाकडे जातो, तर १२१.५ मेगाहर्ट्झवरच्या संकेताच्या आधारे बचाव करणारे जवळ आल्यावर दिशा शोधतात. त्यामुळे ते एकदा चालू केले की बचाव केंद्राने सांगेपर्यंत बंद करू नये. मुदत संपलेले ईपर्ब बॅटरी न काढता कचऱ्यात टाकल्याने शोधपथके कचराकुंडीपर्यंत जाऊन पोहोचल्याचे प्रकार घडलेले आहेत.

दुसऱ्याचे संकट कानावर पडले तर काय करायचे, याचीही तयारी हवी. लगेच वेळ, स्थान व नाव लिहून घ्यावे आणि किनाऱ्यावरील केंद्राला उत्तर देण्यासाठी थोडा अवधी द्यावा. कुणीच उत्तर देत नसेल तर आपण पोच द्यावी आणि ‘मेडे रिले’ म्हणून संदेश पुढे पाठवावा. त्यात बोलणारी नौका कोणती आणि संकटात असलेली कोणती, हे निःसंदिग्ध असले पाहिजे. ‘सीलॉन्स मेडे’, म्हणजे संकटाच्या संभाषणासाठी शांतता पाळा, असे ऐकू आल्यास त्या चॅनेलवरचे आपले बोलणे थांबवावे. ‘सीलॉन्स फिनी’, म्हणजे शांतता संपली, असे ऐकू येईपर्यंत ती शांतता पाळायची असते. आपली अडचण तातडीची असली तरी जिवाला किंवा नौकेला तत्काळ गंभीर धोका नसेल, उदाहरणार्थ शांत समुद्रात इंजिन बंद पडले असेल, तर ‘पॅन-पॅन’ हा शब्द वापरावा. मात्र परिस्थिती बिघडत असताना मेडे म्हणावे की नाही, या संकोचात वेळ दवडू नये.

हेलिकॉप्टर येणार असेल तर ते डोक्यावर येण्यापूर्वीच दोरी कशी घ्यायची, कोणाला आधी वर पाठवायचे, हे रेडिओवर ठरवून घ्यावे. पंख्याच्या आवाजात नंतर शब्द ऐकू येत नाहीत. खाली येणारी तार प्रथम पाण्याला किंवा डेकला टेकू द्यावी, म्हणजे तिच्यातली स्थिर वीज उतरते, आणि ती नौकेला कधीही बांधू नये.

कार्डाच्या मागच्या बाजूला चुकून गेलेला इशारा रद्द करण्याचा मजकूर लिहावा : चॅनेल १६ वर ‘सर्व स्थानके’ अशी हाक, नौकेचे नाव, संकेतनाम, क्रमांक, आणि अमुक वेळेचा माझा संकटाचा इशारा रद्द समजावा, हे वाक्य, वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. मग रेडिओ बंद ठेवून, नौकेवरील सर्वांत नवख्या माणसाकडून पुढची बाजू एकदा मोठ्याने वाचून घ्यावी आणि तो जेथे अडखळेल तेथली अक्षरे पुन्हा, अधिक ठळक लिहावीत.