लो-बजेट फिल्म करताय? थिएटरमध्ये पोचल्यावर कळतात त्या चुका आधीच टाळा

तालुक्याच्या गावातलं नाट्यगृह, साडेतीनशे माणसं बसलेली, मागे खुर्च्या कमी पडल्या म्हणून पोरं पायऱ्यांवर. फिल्म सुरू झाली. पावसाचा आवाज छान येतोय, बैलाच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येतायत, आणि आई मुलाकडे बघून काहीतरी बोलतेय पण शब्दच नाहीत. लोक पाच मिनिटं शांत बसून होते, बहुतेक सीनच असा आहे असं वाटलं असेल त्यांना. मी धावत मिक्सरपाशी गेलो, आवाजाचे सगळे फेडर वर, काही फरक नाही.

कारण अगदी साधं होतं. आमची फाईल ५.१ ची, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाची, आणि लॅपटॉपमधून साउंडवाल्याच्या मिक्सरला एकच वायर गेलेली, म्हणजे फक्त डावं आणि उजवं चॅनल. ५.१ मध्ये संवाद असतात सेंटर चॅनलला. ते चॅनल कुठेच गेलं नाही, म्हणून पाऊस आला, घुंगरं आली, माणसं मुकी झाली. फिल्म थांबवून प्लेयरच्या सेटिंगमध्ये ऑडिओ स्टिरिओ केला, बारा मिनिटं गेली, तोवर पुढच्या दोन रांगा उठून गेल्या होत्या. दीड वर्ष खपून केलेली फिल्म आणि त्या दोन रांगांना ती कधीच दिसली नाही, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून नवीन मुलं स्क्रिप्ट घेऊन आली की मी आधी विचारतो, ही फिल्म कुठे दाखवणार आहात? बहुतेकांनी हा विचारच केलेला नसतो. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली हे सगळं पाठ असतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

कागद न करणं

ही सगळ्यात महागडी चूक आहे म्हणून आधी सांगतो. मित्र मित्राची फिल्म करतो, कुणी गाणं दिलं, कुणी कथा दिली, चहावर बोलणं झालं, संपलं. अरे, कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दिले हे लेखीच लागतं, सहीसकट. आणि कागद केला पण त्यात किती वर्षांसाठी ते लिहिलंच नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि कुठे कुठे ते लिहिलं नाही तर फक्त भारत धरतो. म्हणजे तुमच्या संगीतकाराने प्रेमाने एका पानावर सही दिली, मुदत आणि प्रदेश राहून गेला, आणि सहा वर्षांनी एखाद्या परदेशी प्लॅटफॉर्मने फिल्म मागितली तर तुमच्या हातात काही नाही. तोपर्यंत तो मित्र मित्र राहिलेला असेलच असंही नाही. कथा, पटकथा, संवाद, गीत, संगीत, प्रत्येकाचा वेगळा कागद, मुदत आणि 'संपूर्ण जग' हे शब्द स्पष्ट, शूटिंगच्या आधी. वकिलाला जे पैसे लागतील ते युनिटच्या एका दिवसाच्या जेवणाच्या खर्चापेक्षा फार जास्त नसतात.

जुन्या गाण्यांचंही तसंच. सीनमध्ये रेडिओवर जुनं भावगीत लागलंय, किती छान वाटतं ना, आणि सगळे म्हणतात जुनं आहे, फ्री असेल. नाही. रेकॉर्डिंगचा कॉपीराइट ती बाजारात आल्यापासून ६० वर्षांचा, पण शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा गेले १९७७ साली, म्हणजे १९६० ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत मोकळे नाहीत. परवानगी मिळत असेल तर घ्या, नाहीतर आजीच्या तोंडी जात्यावरची ओवी घाला, खरी आजी शोधून तिच्याकडूनच गाऊन घ्या, माझ्या मते सीन त्याने जास्त चांगला होतो.

बैल, कोंबडी, कुत्रा

गावाकडची फिल्म म्हटली की जनावर येणारच. पण सेन्सॉरला फिल्म गेली की प्राणी कल्याण मंडळाचा कागद मागतात, आणि मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी काढायची असते. २००१ पासून नियम आहे. आमच्या एका फिल्ममध्ये बैलगाडीचा फक्त एक शॉट होता, ती गाडी रस्त्याने रोजच जाते म्हणून कुणाला सुचलंच नाही, आणि शेवटी त्या शॉटपायी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार. स्क्रिप्ट वाचताना जिथे जिथे जनावर आहे तिथे लाल पेनाने खूण करा.

सेन्सॉरबद्दल अजून थोडं. सिगरेट-तंबाखू दिसत असेल तर त्या सूचनेच्या पट्ट्या आणि सुरुवातीला-मध्ये येणारे आरोग्याचे ३०-३० सेकंदांचे स्पॉट लागतात, ते फायनल फाईलमध्ये आधीच बसवा. थिएटरमध्ये दाखवायच्या ट्रेलरला वेगळं सर्टिफिकेट लागतं. यूए मध्ये आता ७+, १३+, १६+ असे प्रकार झालेत, लहान मुलांसाठी फिल्म केली असेल आणि ७+ ऐवजी १६+ मिळालं तर तुमचा अर्धा प्रेक्षक जाऊ शकतो, तेव्हा ती एक शिवी खरंच हवी आहे का हे एडिटवरच ठरवा. आणि रिलीजची तारीख सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय पोस्टरवर छापू नका, प्लीज.

२४ म्हणजे २४ च

ही चूक इतक्या फिल्म्समध्ये बघितली की आता मी पहिल्या दिवशी स्वतः कॅमेऱ्याचा मेनू उघडून बघतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेकंदाला २४ फ्रेम असं लिहिलेलं असतं पण आत ते २३.९७६ असतं. थिएटरची डीसीपी, म्हणजे तिथे चालणारी डिजिटल फाईल, चालते पूर्ण २४ वर. नुसतं चित्र २४ वर नेलं आणि आवाज तसाच ठेवला तर दोन तासांच्या फिल्ममध्ये शेवटी ७ सेकंदांचा फरक पडतो, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. सुरुवातीची दहा मिनिटं बघून कुणाला कळत नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये नेहमी शेवटची रीळ बघा, पहिली नाही. काही जण ट्यूबलाइटचं फ्लिकर टाळायला २५ वर शूट करतात, मग ती फिल्म २४ वर आणली की १०० मिनिटांची १०४ होते आणि हिरोचा आवाज जड होतो. त्यापेक्षा २४ वर शूट करा आणि शटर १/५० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट शांत राहते.

सेटवरचा आवाज

चित्र थोडं खराब असलं तर लोक चालवून घेतात, आवाज खराब असला तर कुणीच बसत नाही. तरी कॅमेऱ्याचं भाडं देऊन झालं की साउंडवर हात आखडतो. चांगला साउंड रेकॉर्डिस्ट घ्या आणि त्याने 'अजून एक' म्हटलं तर वैतागू नका. घरात शूट करताना फ्रिज बंद करा, त्याची घरघर नंतर निघत नाही, आणि बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे पॅकअपला फ्रिज परत सुरू केल्याशिवाय निघताच येत नाही. ज्यांनी घर दिलंय त्यांचं दूध-भाजी खराब झाली तर पुढच्या फिल्मला तुम्हाला कोण घर देणार? देवळाचा भोंगा, लग्नाचा डीजे, गिरणी, याची चौकशी आदल्या दिवशी करा. मंडळाच्या पोरांना जाऊन भेटलं, चहा पाजला, की ते अर्धा तास स्पीकर बंद ठेवतात, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. आणि एडिटमध्ये मधल्या जागा भरायला प्रत्येक जागेची निदान एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून घ्या, सगळ्यांना हलायचं नाही सांगून.

मराठी अक्षरं मोडणं

फिल्म मराठी, आणि पडद्यावर पहिलंच नाव येतं ते मोडलेलं. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसलेली, रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षर सुटून मध्ये पाय मोडलेला. हे होतं कारण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं इंजिन साउथ एशियन केलेलं नसतं, सेटिंगमध्ये तो पर्याय असतो, तो निवडून सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. तरी जमलं नाही तर टायटल्स दुसरीकडे बनवून पीएनजी चित्र म्हणून आणा. सबटायटल्स देवनागरीत असतील तर डीसीपीमध्ये चित्रावरच छापून टाका, थिएटरच्या सर्व्हरवर सोडू नका, तिथे कुठला फॉन्ट काय करेल सांगता येत नाही. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना तेही बघा. काम केलेल्या माणसाचं नाव पडद्यावर नीट लिहिणं हा त्याचा हक्क आहे, त्याला बहुतेक तेवढंच मिळालेलं असतं.

घाईने यूट्यूबवर टाकणं

फिल्म झाली, हात शिवशिवतात, लोकांना दाखवावीशी वाटते, ते मी समजू शकतो. पण मोठ्या फेस्टिव्हलना प्रीमियर त्यांच्याकडे हवा असतो, व्हेनिससारखा फेस्टिव्हल तर जगात पहिल्यांदा तिथेच दिसली पाहिजे म्हणतो. एकदा फिल्म सगळ्यांसाठी ऑनलाइन गेली की ती दारं बंद. क्रम बघा, 'कोर्ट' सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला, आपल्याकडे थिएटरला एप्रिल २०१५. 'साबर बोंडं' जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला, तिथे ग्रँड ज्युरी प्राइज, आणि थिएटरला सप्टेंबर २०२५. म्हणजे सात-आठ महिने धीर धरावा लागतो आणि तेवढ्या महिन्यांचा खर्च बजेटमध्येच धरावा लागतो.

पण म्हणून दिसेल त्या फेस्टिव्हलला फी भरत सुटू नका. दर महिन्याला शंभर अवॉर्ड वाटणारे, कुठल्याही हॉलमध्ये एकही शो न करणारे ऑनलाइन फेस्टिव्हल ढिगाने आहेत, पोस्टरवर त्यांच्या मानचिन्हांची दहा पानं-फुलं लावून काही होत नाही. आधी जवळचं बघा. पुण्याचा पिफ, मुंबईचा थर्ड आय, आणि नोव्हेंबरमध्ये गोव्याला इफ्फीसोबत भरणारा फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार), तिथे अर्धवट एडिटसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब असते आणि व्ह्यूइंग रूममध्ये बाहेरच्या फेस्टिव्हलसाठी फिल्म्स निवडणारे प्रोग्रॅमर बसून फिल्म्स बघतात. मात्र इंग्रजी सबटायटल्स तुमची फिल्म आणि भाषा दोन्ही समजणाऱ्या माणसाकडून करून घ्या. मशीनने केलेल्या भाषांतरात 'बाई' ची कामवाली झालेली मी बघितलीय, ती शाळेतली बाई होती, आणि अख्ख्या फिल्मचा अर्थ बदलला.

थिएटरचं गणित न करणं

हे कुणालाच ऐकायला आवडत नाही पण वहीत लिहून काढा. तिकीट १५० रुपयांचं, त्यातून १८ टक्के जीएसटी गेला की उरले १२७. मल्टिप्लेक्सने अर्धा हिस्सा दिला असं धरलं तर तुमच्या बाजूला ६३ रुपये, आणि हा हिस्सा आठवड्यागणिक कमी होत जातो. शोला २० माणसं आली तर साधारण १२७० रुपये. त्यातून वितरकाचं कमिशन आणि थिएटरला फिल्म डिजिटल पाठवण्याचा खर्च, तो यूएफओ कंपनीचा असो नाहीतर क्यूबचा, प्रत्येक स्क्रीनमागे लागतोच. मग ८० स्क्रीन घेऊन करायचं काय, सकाळी साडेनऊचा शो, तोही तीन दिवसांत निघणार. त्यापेक्षा आठ-दहा स्क्रीन, संध्याकाळचा शो मागून घ्या, फिल्म ज्या भागातली आहे तिथली थिएटरं घ्या, कलाकारांना आणि गावातल्या लोकांना घेऊन प्रत्येक शोला स्वतः जा. दहावी-बारावीच्या परीक्षा, गणपतीचे दहा दिवस, आयपीएलच्या संध्याकाळी या तारखा टाळा. आणि सगळा पैसा शूटिंगमध्ये संपवू नका, निदान एक चतुर्थांश बाजूला ठेवा आणि तो शब्दशः दुसऱ्या खात्यात ठेवा, एकाच खात्यात असला की शेवटच्या शेड्यूलला क्रेन त्याच पैशातून येते.

वितरकाचा करार करताना 'सर्व हक्क, कायमस्वरूपी' अशी ओळ दिसली तर पेन खाली ठेवा. थिएटर, टीव्ही, ओटीटी, परदेश, प्रत्येक हक्क वेगळा लिहा, मुदत लिहा, हिशोब किती दिवसांनी मिळणार ते लिहा. ओटीटीसाठी मिक्सिंगच्या वेळीच संवादांशिवायचा संगीत-इफेक्ट्सचा ट्रॅक आणि अक्षरांशिवायची मास्टर फाईल काढून ठेवा, दोन वर्षांनी स्टुडिओत तो प्रोजेक्ट सापडत नाही.

स्वतः शो लावताना

आपल्याकडे जत्रेत तंबू टाकून सिनेमा दाखवणारी माणसं होती, पडदा, मशीन, जनरेटर सगळं सोबत घेऊन फिरायची, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. नाट्यगृहात, शाळेत, वाचनालयात शो करा, मला तर हेच सगळ्यात आवडतं. पण जाहीर शो फुकट असला तरी सर्टिफिकेट लागतं हे लक्षात ठेवा. २० फुटी पडद्याला ५००० लुमेनच्या खालचा प्रोजेक्टर घेऊ नका, आणि दुपारचा शो असेल तर आधी खिडक्या मोजा, काळं कापड आणि टाचण्या घेऊन जा. स्टिरिओ मिक्सची वेगळी फाईल ठेवा. दोन पेन ड्राइव्ह, दोन लॅपटॉप, दोन वायरी. लॅपटॉपचं झोपणं, अपडेट, नोटिफिकेशन बंद आणि नेट तर बंदच. लाइट गेले तर जनरेटर कोण सुरू करणार त्या माणसाचं नाव आणि नंबर तुमच्या खिशात.

आणि किमान दोन तास आधी पोचा. त्याच नाट्यगृहात पुढच्या वर्षी दुसरी फिल्म घेऊन गेलो तेव्हा मी सगळ्यात हळू आवाजातला सीन लावला, आजारी म्हातारा पुटपुटतो तो, आणि शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो. पंखे चालू करायला सांगितले, कारण लोक आले की पंखे लागणारच. पहिल्यांदा निम्मे शब्द गेले. साउंडवाल्याने स्पीकर स्टँडवर उंच घेतले, थोडे आत वळवले, परत तोच सीन लावला, मग प्रत्येक शब्द आला, आणि तेव्हा मी दार उघडायला सांगितलं.