सोलापूरच्या वर्गात आगबोटीची गोष्ट कशी सांगावी

५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. त्या सुमारास शाळेत परीक्षांची गडबड असते, म्हणून हा तास मार्चमध्येच घ्या. सोलापुरात मी वर्षानुवर्षं इतिहास शिकवला, आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी उभी करणारे नरोत्तम मोरारजी आणि वालचंद हिराचंद हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा तास.

जन्मतारखेपासून सुरुवात करू नका, गावापासून करा. नरोत्तमशेठचे वडील मोरारजी गोकुळदास यांनी १८७० च्या दशकात सोलापुरात कापडगिरणी काढली. तीच आपली जुनी मिल. कुणाचे पणजोबा तिथे कामाला होते, विचारा. दोन-तीन हात तरी वर येतातच. एका वर्षी एक मुलगी दुसऱ्या दिवशी पणजोबांचा पितळी बिल्ला घेऊन आली, कडा झिजलेल्या, मधला आकडा अजून वाचता येणारा. अख्ख्या वर्गाने तो तळहातावर घेऊन पाहिला. वालचंद तर १८८२ साली इथेच जन्मले. घरचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा सोडून लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले.

आता विचारा : गिरणीवाल्याला जहाज कशाला हवं? उत्तर मुलांकडूनच काढा. कापूस बाहेर जातो, यंत्रं बाहेरून येतात. दोन्ही वेळचं भाडं इंग्रजी कंपन्यांच्या खिशात.

मग नकाशा लावा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत लाल दोरा ताणा. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ याच वाटेने निघाली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडची ही बोट, पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेली. कंपनीचं नावही शिंद्यांवरूनच आलं. बोट १८९१ ची, म्हणजे तेव्हा अठ्ठावीस वर्षांची जुनी, हे जरूर सांगा. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली, हेही लपवू नका. आणि कंपनी उभी करताना बरोबर असलेले किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास ही नावं फळ्यावर लिहाच. गोष्ट एकट्याची नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो दरयुद्धाला. दोन मुलांना टेम्पोवाले करा. ज्वारीची पोती सोलापूरहून पुण्याला न्यायची आहेत. एकाकडे वर्षभर तोटा सोसण्याइतके पैसे, दुसऱ्याकडे दहा दिवसांपुरते. दोघांनी फळ्यावर आळीपाळीने भाडं कमी करत जायचं. पाच मिनिटांत धाकटा खडू खाली ठेवतो. तेव्हा तुतिकोरिनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिल्लईंची गोष्ट सांगा : १९०६ मध्ये त्यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली, समोरच्यांनी भाडी पाडली आणि १९०८ मध्ये ते तुरुंगात गेले.

सिंधियावरही तीच वेळ आली. १९२३ मध्ये त्यांनी ब्रिटिश इंडिया या इंग्रजी जहाज कंपनीशी करार केला आणि आपल्या धंद्याला घातलेल्या मर्यादा मान्य केल्या. ही माघार की शहाणपण, यावर मुलांना भांडू द्या, तास संपला तरी चालेल. माझं मत मी शेवटी सांगते : हा करार जाचक होता, पण कंपनी जिवंत राहिली, म्हणून पुढचं घडलं. १९२९ नंतर कंपनीची धुरा वालचंदांकडे आली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांनी बसवली आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथली ‘जलउषा’ नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. नरोत्तमशेठच्या सूनबाई सुमती मोरारजी यांनी पुढे कंपनी चालवली, हे ऐकून मुली सावरून बसतात. तिथे घाई करू नका.

तास झाल्यावर नकाशा लगेच उतरवू नका. मधल्या सुट्टीत मुलं दोऱ्यावर बोट ठेवून लंडनपर्यंत जातात आणि सुएझपाशी अडतात. तेव्हा जवळ जाऊन त्यांना कालवा दाखवा.