टिफचा पहिला अहवाल लिहिताय? आधी वर्षं मोजा

अमेरिकेतल्या एखाद्या शहराच्या अर्थखात्यात रुजू झालात की टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, म्हणजे टिफ, कुणी शिकवत बसत नाही. पुनर्विकासामुळे वाढलेला मालमत्ता कर त्याच प्रकल्पाकडे वळवायचा, एवढं तुम्हाला ठाऊक असतंच. नवखा माणूस फसतो तो विकासकाच्या अर्जातल्या एका आकड्याला.

समजा, जागेचं मूळ करपात्र मूल्य २० लाख डॉलर आणि बांधकामानंतर २ कोटी २० लाख. वाढ २ कोटी, कराचा दर १.५ टक्के, म्हणजे वर्षाला ३ लाख. मुदत २० वर्षं. विकासक लिहितो ६० लाख. त्याची आजची तूटही, म्हणजे प्रकल्पाचा खर्च आणि त्यासाठी उभा राहू शकणारा पैसा यांतला फरक, नेमकी ६० लाखांची असते आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छान जुळतात. इथेच थांबा. मुदत मंजुरीपासून मोजायची असेल, तर बांधकाम, मूल्यांकन आणि पहिलं बिल यांत तीनेक वर्षं सहज जातात. उरली १७ वर्षं, म्हणजे ५१ लाख. ६ टक्क्यांनी त्याचं आजचं मूल्य काढा: साधारण २६ लाख ४० हजार. शहर बॉण्ड काढणार असेल आणि सव्वापट कव्हरेज, म्हणजे हप्त्याच्या सव्वापट कर-उत्पन्न हवं असं धरलं, तर कर्ज जेमतेम २१ लाखांचं. शिवाय त्या १.५ टक्क्यांतला शाळांचा वाटा वळवता येतो का, हे राज्याच्या कायद्यात स्वतः वाचा. जुना अहवाल कॉपी करून नावं बदला, असं सांगणारे वरिष्ठ भेटतील. ऐकू नका, मुदत आणि दर दर वेळी वेगळे असतात.

घाबरू नका, हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये मावतं.

तूट खरी आहे का, हा दुसरा प्रश्न. वर्षाचं निव्वळ उत्पन्न १२ लाख असेल, तर ५ टक्के कॅप रेटने (निव्वळ उत्पन्नाला ज्या दराने भागून इमारतीची किंमत काढतात तो दर) इमारत २ कोटी ४० लाखांची ठरते, ६ टक्क्यांनी २ कोटींची. एका टक्क्यात ४० लाखांची तूट जन्माला येते. जमीन मूल्यांकनापेक्षा महाग घेतली असेल, तर तो फरकही तुटीत लपतो. पडताळणी बाहेरच्या सल्लागाराकडून करून घ्या, पण त्याची फी विकासकाने भरली तरी नेमणूक शहराचीच हवी.

मदतीशिवाय प्रकल्प उभा राहिलाच नसता, हे मिनेसोटाच्या कायद्यात शहराला निष्कर्ष म्हणून नोंदवावं लागतं. एका वाक्यात उरकलेली अशी नोंद कोर्टात उघडी पडू शकते. कॅलिफोर्नियाने तर २०१२ साली टिफवर चालणाऱ्या आपल्या पुनर्विकास संस्थाच बंद केल्या. शाळांचा आणि इतर सेवांचा पैसा त्यात अडकतो, हा तिथला मोठा आक्षेप होता.

माझं मत विचाराल तर बॉण्डपेक्षा जमेल तसा परतावा बरा: कर जमा झाला तरच विकासकाला पैसे, जोखीम त्याची. करारात दोन कलमं मात्र सोडू नका. किमान मूल्यांकनाचं, नाहीतर मालक उद्या अपील करून कर उतरवतो आणि परताव्याचा झराच आटतो. आणि नफा ठरल्यापेक्षा जास्त झाला तर मदत कमी करण्याचं. दोन्ही मसुदे मतदानाआधी वकिलाकडून तपासून घ्या. ठराव मंजूर झाल्यावर विकासक एक शब्दही बदलायला तयार होत नाही.